थारला डांबरी टायर

कराड सोडून पाटणच्या दिशेला निघालं की माझ्या गाडीखाली बहुतेक डांबरच असतं. उरलेल्यात थोडा मुरूम, थोडी गावातली सिमेंटची गल्ली आणि अगदी शेवटी, गोठ्याच्या अलीकडे, चिखल. जनावरांचा डॉक्टर असल्यामुळे उंब्रज, मल्हारपेठ, तारळे, ढेबेवाडी हेच माझं फिरणं, आणि अधूनमधून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला सासुरवाडी. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी माझ्या महिंद्रा थारचे टायर बदलायला काढले तेव्हा हेच रस्ते डोळ्यांसमोर होते. म्हणून चारही टायर रस्त्याचे घेतले, दुकानाच्या भाषेत एचटी. तेव्हापासून जो भेटतो तो आधी टायरकडे बघतो, मग माझ्याकडे. ढेबेवाडीकडचे एक आबा तर म्हशीचं राहू दे, आधी हेच विचारते झाले : "डागतर, एवढी गाडी घेतली न् टायर सुमोचं घातलं व्हय?"

आबांना उभ्या उभ्या काय सांगणार? म्हशीच्या पोटात हात घालायचा होता. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

गाडी २०२१ ची, डिझेल, एलएक्स. तेव्हाच्या थारमध्ये वरच्या एलएक्सला अठरा इंची चाकं यायची, २५५/६५ आर १८ (रुंदी मिलिमीटरमध्ये, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटी रिमचे इंच), आणि खालच्या एएक्सला सोळा इंची, २४५/७५ आर १६. माझ्यावर कंपनीनंच एटी, म्हणजे ऑल-टेरेन दिलेले होते. रबराचे मोठे ठोकळे, त्यांच्यात रुंद खाचा, खांद्यावर दातरे. गाडीला ते शोभतात यात वाद नाही. अजून आडदांड हवं असेल तर एमटी, म्हणजे खास चिखलाचे, आपल्याकडे ज्याला बटन टायर म्हणतात ते. पण रोज कराड-पाटण करणाऱ्यानं त्यांच्या वाटेला जाऊ नये, एवढंच त्यांच्याबद्दल.

खाच जितकी रुंद तितकं जमिनीला टेकणारं रबर कमी. चिखलात याचा फायदाच होतो, कारण ठोकळा मातीत रुततो आणि कडेनं पकड घेतो. डांबरात रुतायला काही नसतं. तिथे रबराचा पृष्ठभाग रस्त्याच्या बारीक खडबडीला किती चिकटतो यावर सगळा खेळ. त्यात ब्रेक दाबला की उंच, सुटा ठोकळा पुढे कलतो, त्याची एकच कड टेकते आणि बाकीचा अधांतरी. एचटीचे ठोकळे बुटके आणि एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून ते कमी कलतात. शिवाय त्यांच्यावर ब्लेडनं काढल्यासारख्या बारीक चिरा असतात. ओल्या रस्त्यावर पाण्याचा जो पातळ थर असतो तो या चिरा फोडतात आणि खालच्या डांबराला रबर भिडतं.

एटीची बाजूही सांगायला हवी. रस्त्यावर पाणी साचून तळं झालं असेल तर रुंद खाचा ते चांगलं बाहेर फेकतात. एचटी तिथे घासलेला असला की गाडी पाण्यावर तरंगते आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. हवा कमी असली तर हेच आणखी कमी वेगात होतं. पण आमच्या उताराच्या रस्त्यांवर पाणी साचत कमी, वाहत जास्त. पावसाळाभर डांबर नुसतं ओलं चकचकीत. कोयनानगरला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हेलवाकच्या पुढचा रस्ता कोरडा दिसला तर गाडी थांबवून फोटो काढावा.

आणि पाऊस गेला की संपलं असंही नाही. मग ऊस सुरू होतो. ट्रॅक्टर फडातून भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत डांबरावर चढतो तेव्हा चाकांना लागलेली काळी माती रस्त्यावर पट्ट्यापट्ट्यानं पसरते. दिवसा ती वाळून धूळ होते. पहाटे दव पडलं, किंवा नोव्हेंबरात एखादी अवकाळी सर आली, की त्याच पट्ट्याचं लोणी. माझे निम्मे कॉल पहाटेचे, कारण गाई विण्याला वेळकाळ बघत नाहीत. मल्हारपेठच्या अलीकडे अशाच एका पहाटे मागचा दिवा नसलेली ट्रॉली एकदम समोर आली. ब्रेकवर उभा राहिलो, पायाखाली एबीएसची थडथड सुरू झाली आणि गाडी त्या काळ्या पट्ट्यावरून सरकत सरकत ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या उसाच्या शेंड्यांपासून हातभर अंतरावर थांबली. टायर तेव्हाचे एटीच होते, आणि निम्म्याच्या वर नक्षी शिल्लक होती.

इथे फोर बाय फोरबद्दल, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळण्याबद्दल, एक मोठा गैरसमज आहे. माझ्या गाडीत लिव्हर आहे, टू-एच, फोर-एच, न्यूट्रल आणि फोर-एल, म्हणजे चारही चाकांचा लो गिअर. चांगल्या डांबरावर ती टू-एचमध्येच चालवायची असते, म्हणजे फक्त मागची चाकं ओढतात. फोर-एचमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडला जातो. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, आणि पकड घट्ट असलेल्या कोरड्या रस्त्यावर ही तफावत जिरवायला जागा नसते. मग सगळा पीळ गिअरांवर येतो. थोडक्यात, घाटात माझी थार म्हणजे मागच्या चाकांवर चालणारी उंच, जड गाडी. आणि ब्रेकचं म्हणाल, तर चार चाकांना ब्रेक प्रत्येक गाडीला असतो, अल्टोलासुद्धा. चढायला, निघायला फोर बाय फोर मदत करते. थांबताना फक्त टायर.

मग चिखलाचं काय, हा आबांचा खरा प्रश्न. जिम्नीकडे बघा. तिला शिडीसारखी मजबूत चेसिस आहे, लो गिअर आहे, मारुतीनं ती २०२३ मध्ये आपल्याकडे आणली. फोर बाय फोरच्या शर्यतीत तिला कोणी लेचीपेची म्हणणार नाही. तिच्यावर कंपनीतून येतात १९५/८० आर १५ मापाचे ब्रिजस्टोन ड्युलर एचटी. मातीत गाडी निघते ती टायरइतकीच फोर-एलच्या हळू, जोरकस ओढीमुळे आणि दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद पोचल्यामुळे. माझ्या थारला मागच्या अ‍ॅक्सलवर मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे. डिफरन्शियल म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर. एक चाक नुसतं फिरत बसलं की हे लॉक त्याला आपोआप दुसऱ्या चाकाशी जखडतं, क्षणभर खट् असा आवाज येतो आणि गाडी निघते. चिकट काळ्या मातीत एचटीची नक्षी चाकाच्या दोन फेऱ्यांत भरून गुळगुळीत होते, हे खरं. एटीचीही होते, थोडी उशिरा. त्या मातीला बटन टायरच लागतो, किंवा ट्रॅक्टर. अशा ठिकाणी मी पूर्वीही गाडी डांबरावर लावून पिशवी खांद्यावर टाकून चालत जायचो, आताही जातो. गाय अडली असेल तर मालक मोटरसायकल घेऊन उभाच असतो.

दुकानात मात्र वेगळंच नाट्य झालं. कराडात माझे नेहमीचे टायरवाले आहेत, चांगला माणूस. एचटी म्हटल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर साहेब, एचटी काढून एटी टाकायला लोक येतात माझ्याकडे. उलटं गिऱ्हाईक तुम्हीच." मग त्यांनी एक टायर आणून एटी म्हणून समोर ठेवला आणि पुरावा म्हणून कडेवरची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरची, 'एम प्लस एस' ही अक्षरं दाखवली. एम म्हणजे मड, एस म्हणजे स्नो. आता ही खूण नक्षीच्या ठेवणीवरून निर्माता स्वतःच लावतो, चिखलात चालवून कुणी परीक्षा घेतलेली नसते. कितीतरी एचटी टायरांवरही ती असते. समोर होता तोही एचटीच निघाला, आणि मला तेच हवं होतं, त्यामुळे भांडण झालं नाही.

नावानं टायर मागणाऱ्यांनीही इथे जरा जपावं. ब्रिजस्टोनची ड्युलर, योकोहामाची जिओलँडर, अपोलोची अ‍ॅप्टेरा या सगळ्या मालिकांत एचटीही आहेत आणि एटीही. "ड्युलर द्या" म्हटलं की दुकानदार शिल्लक असेल तो देणार. पुढची दोन अक्षरं बघूनच पैसे काढा. मी कोणता घेतला ते मुद्दाम लिहीत नाही, कारण आपल्या मापात कुठला मॉडेल आहे हे महिन्यागणिक बदलतं, आणि लोक वाचून तोच मागत बसतात. इंटरनेटवर परदेशी लोक ज्या टायरांचे गोडवे गातात त्यातले बरेच इथल्या दुकानात दिसत नाहीत, त्याला कारण आहे. जून २०२० मध्ये सरकारनं टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली. मिळालाच तर किंमत ऐकून परत यावं लागतं.

तीन टायर शेजारी शेजारी ठेवून घेतले आणि मी उकिडवा बसलो. मापावर तडजोड नाही, २५५/६५ आर १८ च. त्यानंतर भार आणि वेगाचा आकडा. १०९ लिहिलेलं असेल तर एक टायर १०३० किलो पेलतो, १११ असेल तर १०९०. जुन्या टायरवरच्या आकड्याच्या खाली जायचं नाही, एवढा नियम पाळला तरी पुरे. आकड्यामागचं अक्षर वेगाचं : एस म्हणजे ताशी १८०, टी १९०, एच २१०. मी एवढा कधी पळवणार नाही, पण बऱ्याच वेळा वरच्या अक्षराचा टायर तापूनही जास्त ठाम राहतो. तिसरं, मापाच्या आधी एलटी ही अक्षरं आहेत का ते. ती लाइट ट्रकची. कड जाड, वजन जास्त, आणि तेवढाच भार पेलायला हवा जास्त भरावी लागते. ट्रेलर ओढणाऱ्यांना ठीक. माझ्या कमरेला आधीच गाईंनी पुरेसा त्रास दिलेला आहे.

मग अंगठा. ठोकळ्यावर अंगठा दाबून आडवा ढकलून बघितला. एकाचा खांद्यावरचा ठोकळा चक्क हलला आणि त्यातल्या चिरा उघडून मिटल्या. दुसऱ्याचा ढिम्म. तिसऱ्याच्या चिरांमध्ये मी व्हिजिटिंग कार्डाची कड घालून बघितली, आणि ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन अडली. म्हणजे टायर अर्धा झिजायच्या आतच चिरा संपणार आणि ओल्यातली पकडही. ज्याच्या चिरा खाचेच्या तळापर्यंत गेल्या होत्या तो निवडला. टायरवाल्यांचा पोरगा मागे उभा राहून हसत होता. नंतर त्यानंही कार्ड घालून बघितलं.

शेवटी तारीख. कडेवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १२२४ म्हणजे २०२४ चा बारावा आठवडा. चारही टायर सहा महिन्यांच्या आतले हवेत म्हणालो तर एक दिवस थांबायला लागलं. थांबलो. रबर गोदामातही म्हातारं होतं.

बसवून झाल्यावर नेहमीचा प्रश्न आला, "नायट्रोजन भरू?" मी मागचा दरवाजा उघडून दाखवला. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायचं कॅन माझ्या गाडीत कायम असतं, तीन लिटरचं, आत द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. म्हटलं, हा बघा, माझ्याकडे आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेल्यासाठी दरवेळी पैसे मोजण्यापेक्षा पंधरा दिवसांनी गार टायरवर हवा तपासावी. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं, टायरच्या कडेवर असतो तो कमाल आकडा. हे दोन आकडे अदलाबदल करून हवा भरणारे पंप मी बरेच पाहिले आहेत.

फरक काय पडला? पकडीचा फरक सांगायला मोजमाप लागतं, ते माझ्याकडे नाही. एवढं सांगतो की त्या काळ्या पट्ट्यांवर एबीएस आता उशिरा जागं होतं, आणि कुंभार्लीच्या उतारावर ओल्या वळणात गाडीचं नाक सांगितल्या जागी जातं. मला स्वतःला सगळ्यात जास्त जाणवला तो आवाज. एटीचा साठाच्या पुढे एक घुमारा सुरू व्हायचा, हायवेच्या काँक्रीटवर तर कानात माशी शिरल्यासारखा. माझं अर्धं काम गाडीत फोनवर होतं. "वार पडली का? कधी व्याली? कान गार लागतात का? मान पोटाकडे वळवून बसलीय का?" ही उत्तरं नीट ऐकू आली तरच कॅल्शियमच्या बाटल्या घेऊन पळायचं की सकाळी जायचं ते ठरतं. एटीवर मी ओरडायचो, पलीकडचा घाबरून आणखी ओरडायचा. आता शेतकऱ्याच्या मागे हंबरणारी गायसुद्धा ऐकू येते, आणि कधी कधी तिच्या हंबरण्यावरूनच कळतं की जायला लागणार. डिझेल लिटरमागे थोडं वाचतं. त्यासाठी कुणी टायर बदलू नयेत.

तोटाही झाला. एप्रिलमध्ये खडीच्या क्रशरजवळच्या गोठ्यावर गेलो होतो. परतताना एका धारदार दगडानं मागच्या डाव्या टायरची कड कापली. नक्षीतला खिळा असता तर पंक्चर निघालं असतं. कडेचं पंक्चर काढायचंच नसतं, टायर गेला. एटीची कड जाड आणि दातरे बाहेर आलेले, तो बहुधा वाचला असता. त्यामुळे एक नवा टायर घ्यावा लागला. सुदैवानं बाकीचे फार झिजलेले नव्हते. फोर बाय फोरमध्ये ही भानगड नीट समजून घ्यायला हवी. नवा टायर आणि पाच मिलिमीटर झिजलेला टायर यांच्या व्यासात एक सेंटिमीटरचा फरक पडतो. माझ्या टायरचा व्यास साधारण ७९ सेंटिमीटर, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. एकाच अ‍ॅक्सलवर असे दोन टायर लावले तर डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं, आणि पुढे-मागे वेगळी जोडी असेल तर फोर-एचमध्ये तोच पीळ. म्हणून चार टायर एकदम बदलावेत आणि स्टेपनीही फिरवण्यात धरावी. स्टेपनी मागच्या दाराला शोभेसाठी टांगलेली नसते.

कायद्यानं १.६ मिलिमीटर नक्षी उरेपर्यंत टायर चालतो. खाचांमध्ये त्यासाठी छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की संपलं. मी तीन मिलिमीटरला बदलणार, आणि तो दिवस मे महिन्यात यावा अशी व्यवस्था करणार. घासलेला एचटी घेऊन कोयनेच्या पावसात शिरण्यापेक्षा घासलेला एटी परवडला, इतपत मी एटीवाल्यांच्या बाजूचा आहे.

सोळा इंची चाकांचा मोह एकदा झाला होता. २४५/७५ आर १६ ला कड उंच, जवळजवळ १८४ मिलिमीटर. माझ्या अठरा इंचीला १६६. खड्ड्यात रिम वाचते, टायरही बहुधा स्वस्त पडतो. पण त्यासाठी पाच रिमा घ्यायच्या, जुन्या विकायच्या, आणि व्यास दोन टक्क्यांनी कमी म्हणून स्पीडोमीटर तेवढा जास्त वेग दाखवणार. पाच रिमांच्या पैशात आमच्या दवाखान्याची पोर्टेबल सोनोग्राफीची बॅटरी बदलून होते. बायकोनं ही तुलना केली आणि विषय संपला. चिरंजीवांना फक्त कडेवर पांढरी अक्षरं हवी होती. ती या टायरवर नाहीत.

माझ्या ओळखीचा एक जण वांकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीला असतो. त्याच्याकडे हीच गाडी. त्याचा दिवस मुरमाच्या आणि सुट्या दगडांच्या वाटांवर जातो, डांबर लागतं ते घरी येताना, तेही तासभर. त्यानं माझे टायर बघून नाक मुरडलं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही मुरडलं असतं. त्याच्या एटीच्या कडांवर इतके ओरखडे आहेत की मूळ अक्षरं वाचता येत नाहीत. माझे जुने टायर टायरवाल्यांनी भंगारात धरले होते. त्यातले जरा बऱ्या नक्षीचे तीन यानं उचलून नेले, पठारावर वीस-पंचवीसच्या वेगात अजून वर्षभर काढतील म्हणाला. चहाचे पैसे त्यानं दिले.